सपाटीवरचा गिर्यारोहक

तो आमच्या ऑफिसातला, मूळचा नाशिककडचा. मिनेसोटातल्या आमच्या छोट्या शहराभोवतीची ट्रेल म्हणजे माळावरच्या गवतातून जाणारी डांबरी वाट. चढ म्हणाल तर हायवेवरचा पूल, तेवढाच. तरी रविवारी आम्ही ऑफिसातले सगळे फिरायला निघालो की हा कमरेला ऑफिसचा पेजर, खांद्यावर दोर आणि गळ्यात शिट्टी घालून हजर! "सह्याद्रीतली सवय यार," म्हणायचा आणि सगळ्यांच्या मागे राहून डोकी मोजायचा. दोन मैलांपर्यंत सगळं लख्ख दिसतंय, इथे हरवणार कोण?

त्या उन्हाळ्यात माझे बाबा आले होते. बायपासनंतर पहिल्यांदाच एवढं चालत होते आणि 'हळू चाला' म्हटलं की भडकत होते. तो त्यांच्यासोबत मागे राहिला. मी वळून पाहावं, तर हा दर शंभर पावलांवर वाकून बुटाची नाडी बांधतोय. "थांबा हो काका, मला दम लागला." मग बाबाही ऐटीत कमरेवर हात ठेवून थांबायचे.

परतताना बाबा गाडीत म्हणाले, "मुलगा गुणी आहे रे, पण त्याला रोज चालायला नेत जा. फारच कच्चा आहे."