दुधात कालवलेली पूड

मुलीच्या किमोथेरपीच्या काळात मी तिला चोरून एका वैदूची पूड देत होतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात नोकरीमुळे आम्ही लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. पल्लवी सहा वर्षांची. पोटरीतली गाठ तपासून डॉक्टर म्हणाले, "रॅब्डोमायोसार्कोमा." म्हणजे स्नायूंसारख्या मऊ भागातला कॅन्सर. जुन्या औषधांच्या जोडीला एक नवं औषध दिलं तर मुलांना कितपत सोसतं, याची चाचणी त्या हॉस्पिटलात सुरू होती. आम्ही सही केली. डॉक्टरांनी बजावलं, "घर पर और कुछ मत देना. दिया तो बताना."

दुसऱ्या डोसनंतर तिचे केस गेले, जेवण सुटलं. मी घाबरलो. भंडाऱ्याच्या आत्यानं तिथल्या वैदूची पूड माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवली. बायको, सुनंदा, आंघोळीला गेली की मी ती दुधात कालवायचो.

"पापा, कड़वा है!"

"ताकद येईल बाळा, पी."

पुढच्या रक्ततपासणीत लिव्हर एन्झाइम्स वाढलेले निघाले; यकृताला इजा होत होती. डॉक्टरांनी विचारलं, "भस्म, जड़ी-बूटी, कुछ दिया?"

सुनंदा हसलीच. "ये? ये तो हर चौदा अप्रैल को बाबा लोगों के खिलाफ भाषण देते हैं, सर!"

खरंच द्यायचो. कॉलनीत टाळ्या पडायच्या. मी म्हणालो, "नहीं सर."

"फिर नई दवा ही होगी." त्यांनी ती बंद केली. मी घरी येऊन उरलेली पूड मोरीत ओतली. यकृत सुधारलं. औषध थांबवलं म्हणूनच, असं सगळ्यांना वाटलं.

वर्षभरानं गाठ परतली आणि पाय कापावा लागला. नवं औषध पूर्ण मिळालं असतं तर वाचला असता का, कोण जाणे. दोष पुडीचा की औषधाचा, हे तपासायची सोयच मी ठेवली नाही. माझ्या खोटेपणामुळे पुढच्या किती मुलांना ते औषध बेतानं दिलं गेलं असेल, हेही मला माहीत नाही.

आईबापांनो, काढा द्या, अंगारा लावा, पण डॉक्टरांना सांगा. रागावतील. रागावू द्या.

पल्लवी आज नोकरी करते, कृत्रिम पायावर जिने चढते. ती जगली हे त्या वॉर्डाचे उपकार. कुणी विचारलं तर सहज म्हणते, "मेरी बॉडी ही कमज़ोर थी, दवा सूट नहीं हुई." मी शेजारी बसून ऐकतो.

खरं काय घडलं ते सांगणं हे तिचं माझ्यावरचं देणं आहे. त्या डॉक्टरांचंही.