खिळ्यावरची नावं

शिंप्याच्या दुकानात मशीनखाली चिंध्या कधी साचतात, कळतच नाही. किश्श्यांचंही तसंच. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास मी वाशीमला सखारामभाऊंच्या दुकानात काज-बटण करायचो. एकटाच होतो. खानावळीत जेवायचं, दुकानातच झोपायचं. बोलायला कोणी नसलं की माणूस दुसऱ्यांच्याच गोष्टी जपून ठेवतो.

आमच्याकडे माप एकदाच घ्यायचे. खाकी कागदाचा फर्मा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. पुढे गिऱ्हाइकानं यायची गरजच नाही. एसटीच्या कंडक्टरबरोबर कापड आणि चिठ्ठी पाठवायची: अमुक नाव, शर्ट एक. भाऊ नाव वाचायचे, त्या नावाचा फर्मा काढायचे आणि कात्री चालवायचे.

*

शिरपूरच्या एका शेठनी लग्नात माप दिलं होतं. दहा वर्षांनी चिठ्ठी पाठवली, शर्ट शिवून गेला आणि चौथ्या दिवशी शेठ तोच शर्ट घेऊन भांडायला हजर. एक बटण लागेल तर शपथ.

"चिठ्ठीवर नाव माझंच होतं ना?"

भाऊ मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. "नाव तेच हाय शेठ. पोट नवं हाय."

*

खिळ्यावर नाव नसेल तर काम बंद. इंझोरीला नव्यानं आलेल्या एका मास्तरांच्या तीन चिठ्ठ्या भाऊंनी नुसत्या दाबून ठेवल्या.

"काहून शिवत नाही?" मी विचारलं.

"फर्मा नाही. कोन हाय तो, मले का मालूम?"

शेवटी मास्तर स्वतः आले, माप दिलं, नाव खिळ्यावर चढलं. मग दर बाजाराला यायचे, काही काम नसताना. भिंतीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "शाळा सोडली तर या मुलखात माझं नाव इथंच आहे."

मी चहा सांगितला. माझं नाव तर तिथंही नव्हतं, हे काही त्यांना बोललो नाही.

*

मानोऱ्याकडून दिवाळीच्या आधी चिठ्ठी यायची: किसन, शर्ट एक, लांब बाह्या. किसन वारल्याचं मला ठाऊक होतं. भाऊंना सांगितलं.

"किसन गेला. फर्मा हाय ना," भाऊ म्हणाले आणि शिवायला बसले.

एका वर्षी किसनची बायको स्वतःच शर्ट न्यायला आली. कापूस वेचून थेट आली होती, लुगड्यावर मागच्या दिवाळीचा शर्ट चढवलेला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्या मापाचा शिवून देऊ का?"

"नोको," ती म्हणाली. "दुसऱ्या मापात मले करमत नाही."

*

कोपऱ्यातल्या खिळ्यावर एका छोट्या फ्रॉकचा फर्मा होता. त्याला हात लावायची मला मनाई होती. वर नाव मंदा. भाऊंची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि भाऊंनी तिला दार बंद केलं. भाऊंची बायको त्याआधीच वारलेली. भाऊ घरी एकटे, मी दुकानात एकटा. 

एके दिवशी अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर पुडकं देऊन गेला. निळ्या फुलांचं कापड आणि चिठ्ठी: मंदा, फ्रॉक एक, वय सहा.

भाऊंनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग फर्मा काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि कापड अंथरलं. घेराला चांगलं चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं, पुढं वाढवता यावं म्हणून. बटणं मला लावू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पुडकं द्यायला ते स्वतः माझ्याबरोबर आले. कंडक्टरच्या हातात दिलं, पण सोडेनात.

"तिले सांगजा," भाऊ म्हणाले, "या एका बारीले चालवून घेतलं. तिच्या पोरीचं नाव आमच्या खिळ्यावर नाही. पुढच्या बारीले चिठ्ठी चालनार नाही. माप द्याले स्वतः या लागते."