डॉक्टरांचं पत्र

धुकं असलं दाट, की दवाखान्याची पाटी दिसेना; पेशंट एकमेकांच्या खोकल्याच्या मागावर दारापर्यंत येत होते. कंपाउंडरबाईंनी फरशी पुसली, कात्र्या उकळायला टाकल्या आणि डॉक्टरांपुढे हात पसरला, "माझं शिफारसपत्र?"

बाईंना फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात पीए, व्हायचं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे, औषधही सुचवायचं. बारा वर्षं नुसत्या पुड्या बांधून जीव विटला होता. तीन कॉलेजांनी वय बघून नाक मुरडलं. चौथ्यात आज मुलाखत. पुढच्या वर्षी तिथलंही दार वयामुळे बंद.

सासूबाईंनी मात्र गल्लीभर करून टाकलं होतं, "सूनबाई पीए होणार!"

"अहो आई, मंत्र्याचा पीए वेगळा. मी पेशंट बघणार."

"बघ की. पण आधी फोन उचलायला शीक."

डॉक्टरांनी घाईघाईत पत्र खरडलं आणि पाकीट चिकटवून दिलं.

मुलाखतीला तिघं बसले होते. एकाने पत्र उभं धरलं, दुसऱ्याने आडवं. मधल्या मॅडमनी चष्मा पुसला. "कुणाचा कार्डिओग्राम आलाय हा?"

"डॉक्टरांचं अक्षर आहे. मलाच लागतं ते."

"मग वाचा."

"बाई कष्टाळू आहेत, पेशंटशी प्रेमाने वागतात..." बाई खडाखडा वाचत सुटल्या आणि पुढच्या ओळीला गचकन थांबल्या. ती गिळली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाईंनी आवंढा गिळला, ओळ नाही. "पण तोंडाने फटकळ. मी लिहिलेला डोस चुकलाय म्हणून चारदा भर दवाखान्यात मला अडवलं."

"खरंच चुकला होता?" मॅडमनी विचारलं.

"तीनदा. चौथ्यांदा मीच चुकले. नंतर पुस्तकात बघितलं, तशी धावत पेशंटच्या घरी जाऊन डॉक्टरांचाच डोस परत देऊन आले."

"हे पत्रात नाहीये?"

"नाही हो. त्यांना ठाऊकच नाही, अजून चौथ्याचाही दोष स्वतःलाच देतात."

एकाला ठसका लागला. मॅडमनी हसू दाबत यादीत नाव लिहिलं. "सोमवारपासून या. आणि आधी डॉक्टरांना खरं सांगा."

बाई परतल्या, प्रवेशाचं सांगितलं, मग चौथ्या डोसचंही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सहा महिने मी उगाच खजील होऊन फिरतोय?"

"तीन वेळचं खजील होणं बरोबरच आहे," असं म्हणून बाई धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला बसल्या.