तीन रिकामे चौकोन

चहा आधी संपवा, मग सांगतो. मधेच हसलात तर सांडेल. बमरोलीत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मी इतकी वर्षं मास्तरकी केली, कारीगर सांभाळले, शेठशी भांडलो, लाइटवाल्याशी भांडलो. पण अख्ख्या दुनियेशी भांडलो एकाच दुपारी. तेही मोबाईलवर. आणि कोणासाठी? कोणाशी? ऐका!

माझी मनू कॉलेजात आकडेशास्त्र शिकते. आकडेमोडीची एक कॉम्प्युटरची भाषा आहे म्हणे. फुकट! मालक कोणीच नाही, दुनियाभरचे लोक मिळून ती दुरुस्त करतात. कोणाला त्यात काही नवीन पाहिजे असलं तर मागणी लिहायची. मग सगळे वाद घालून ठरवतात, घ्यायचं का सोडायचं.

मनूनेही एक मागणी टाकली होती. सोपी आहे, घाबरू नका. मी वहीत प्रत्येक लूमचं रोजचं कापड लिहितो. लूम बंद असला तर शून्य लिहीत नाही. शून्य म्हणजे लूम चालू आणि माणूस झोपला! लाइट गेली तर ‘ला’, बीमावरचं सूत संपलं तर ‘बी’, कारीगर गावी गेला तर ‘गा’. जागा रिकामी, पण कारणासकट. मनू लहानपणी माझ्या मांडीवर बसून हीच अक्षरं भरायची. ‘गा’ तिला फार आवडायचं, त्याला ती शेपटी काढायची.

त्या भाषेत म्हणे रिकामं म्हणजे नुसतं रिकामं. मनूचं म्हणणं, कारण लिहायला जागा द्या. काय चुकलं पोरीचं?

त्या दिवशी तिचा पेपर होता, आणि नेमका चर्चेचाही शेवटचा दिवस. सगळे ‘नको’ म्हणाले की मागणी बंद, पोरीची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात. तिने ते पान माझ्या मोबाईलवर उघडलं, मराठी करून दिलं.

“बाबा, फक्त बघायचं हं. कोणी काही लिहिलं तर पेपर सुटल्यावर मला सांगा. कुठे बोट लावू नका.”

“मी काय लहान आहे?”

“लहान असता तर भीती नव्हती,” म्हणाली आणि गेली.

मनूची आई आतून ओरडली, “तुमले काय समजस त्यामा? ऱ्हाऊ द्या!”

मग तर बघणारच ना मी! मनूची मागणी सगळ्यात वर होती. म्हटलं ती तर मला पाठ आहे, ती कशाला वाचायची. सरळ खाली गेलो. तिथे जांभळ्या गोलापुढे कोणीतरी लिहिलं होतं, नाव इंग्रजीत, ते मला कुठे वाचता येतं. ‘ही मागणी का घेऊ नये. जुनी कामं मोडतील. भाषा हळू चालेल. याची गरज फार थोड्या लोकांना आहे.’

थोड्या लोकांना? माझं डोकंच सटकलं! मनूला फोन लावला. बंद. शेजारचा सुकदेव, माझ्याच पाळीत आहे, चहाला आला होता. त्याला वाचून दाखवलं.

“सोडू नको भाऊ याले,” सुकदेव म्हणाला.

खाली चौकोन होता, त्यात माइकचं चित्र. दाबलं आणि सोडला तोफखाना. “ए शहाण्या! थोड्या लोकांना? आमच्या खात्यात ये! लाइट नव्हती त्या दिवसांना शेठच्या ऑफिसात शून्य मांडलं, म्हणून एका कारीगराला आळशी ठरवून काढत होते. मी वही आपटली तेव्हा राहिला तो. आणि तू पोरीच्या कामात खोट काढतो? हेच शिकवलं तुझ्या बापाने? आण त्याला माझ्यासमोर!”

“बेस करं,” सुकदेव म्हणाला. “बापलेच पकड!”

पाठवलं. माझ्याही बोलण्यापुढे जांभळाच गोल आला. म्हटलं, सगळ्यांना तोच देत असतील.

पाच मिनिटांत एकाचं उत्तर. ‘पण आक्षेप बरोबर वाटतात.’ त्यालाही झोडला! मग एका बाईने विचारलं, ‘तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही स्वतःशीच का भांडताय?’

“मला वेडा म्हणते!” मी उठून उभाच राहिलो. तिसरी तोफ तिच्यावर.

संध्याकाळी मनू आली. फोन बघितला आणि मटकन खाली बसली.

“बाबा, हे काय?”

“तो जांभळ्या गोलाचा हरामखोर तुझ्या मागणीला...”

“बाबा, ते मी लिहिलंय.”

“तू?”

“तिथला रिवाज आहे. मागणी करणाऱ्यानेच तिच्यातल्या उणिवा आधी सांगायच्या.”

“स्वतःच्या तोंडाने? कोण करतं असं? रजा मागताना कोणी सांगतं का, शेठ, तसं गावाकडे माझं काही काम नाही?”

“आणि पान माझ्या नावाने उघडलेलं होतं, तुम्ही बोललात तेही माझ्याच नावाने गेलं.”

आता हिशोब जुळवा. दुनियेने काय पाहिलं? एक पोरगी स्वतःच्याच बापाचा उद्धार करतेय, आण म्हणते त्याला समोर! सुकदेव गपचूप चप्पल घालून गेला.

मनूचे डोळे भरले. मी तिच्याशेजारी बसलो. “पोरी, घालवलं ना मी सगळं?”

तिने फोन माझ्यापुढे धरला. बोटाने पान वर सरकवत गेली, पार पहिल्या ओळीपर्यंत. मी सोडून दिलेली ती ओळ. ‘हे मला माझ्या बाबांच्या वहीवरून सुचलं. ते रिकाम्या जागेलाही तिचं कारण विचारतात.’

माझ्याच्याने पुढे वाचवेना. चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. तब्येत विचारणाऱ्या त्याच बाईने लिहिलं होतं, ‘त्या कारीगराची गोष्ट खरी असेल, तर ही गरज थोड्या लोकांची नाही. चर्चा आणखी चालू ठेवू या.’ मनूने माझा हात असा घट्ट धरला, सांगतो तुम्हाला!

पण तिथल्या राखणदारांनी शिवीगाळ म्हणून माझी तिन्ही बोलणी पुसून टाकली. तीन रिकामे चौकोन. खाली काही नाही!

“अरे, पुसलं तर पुसलं, कारण तरी लिहा ना!” मी ओरडलो.

तेव्हा कुठे मनू हसली. डोळे पुसले आणि तिन्ही चौकोनांखाली एकेक अक्षर लिहिलं. ‘बा’.

“हे कोणतं?”

“नवीन आहे. बाप तापला.”