दगडाला विचारून

कुठलाही दगड धरण्याआधी दादा बोट वाकवून त्यावर दोनदा टकटक करायचे, मान कलती करून ऐकायचे आणि मगच हात टाकायचे. मी घाईने पुढे पाय टाकला की मागून आवाज यायचा, "आधी त्याले विचारून घ्या ना जी."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, एका सवयीवरून अख्खी आठवणारी. लखनौच्या आमच्या वनस्पती-संशोधन संस्थेत मी नवा शास्त्रज्ञ होतो आणि ते नमुने गोळा करणारे मदतनीस. भंडाऱ्याकडचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला साहेब. लखनौत डोंगर सोडा, धड टेकाडही नाही. त्यामुळे ती टकटक खुर्च्या आणि बाकांवर चालायची. आलमबागेतल्या चहावाल्याने एकदा विचारलं, "क्या हुआ चाचा, बेंच की तबीयत देख रहे हैं?" दादा गंभीरपणे म्हणाले, "हाँ भैया. कमज़ोरी है."

वर्षातून एकदा आम्ही काठगोदामपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने कुमाऊंच्या डोंगरांत जायचो. तिथे हा मुकाट माणूस मोकळा व्हायचा. शीळ घालायचा, चढावर गाणी म्हणायचा. घरी त्यांची बायको म्हणे, "ह्याइचं सासर लखनौ अन् माहेर पहाड." अगदी खरं होतं ते.

सत्तरच्या दशकातल्या एका सप्टेंबरात आम्ही एक अरुंद धार चढत होतो. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये जेमतेम हातभर खडक. दादा पुढे टकटक करत जायचे, आणि ज्या दगडाचा होकार आला त्यावरच मला पाय ठेवायला सांगायचे. माथ्याजवळ एका भेगेत मला हवी असलेली वीतभर वनस्पती सापडली. आनंदाच्या भरात मी ती वरूनच तोडली.

धारेच्या पायथ्याशी उतरून नमुने वर्तमानपत्रात दाबायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की मूळ वरच राहिलं. आमच्या कामात मुळाविना नमुना म्हणजे निम्मा नमुना. चूक शिकाऊ पोराची होती, आणि ती माझी होती.

तोवर धुकं उतरलं होतं. दादा म्हणाले, "उद्या जाऊ ना जी. गोटा ओला झाला."

"उद्या बस आहे. तुम्ही जाऊन या ना दादा, दहा मिनिटांचं काम."

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निघाले. मी खाली थांबलो. मूळ काढून पायथ्याजवळ पुन्हा दिसू लागले तेव्हाही ते प्रत्येक दगडाला विचारत होते, आणि मला थंडी वाजत होती. मी ओरडलो, "दादा, लवकर!" त्यांनी टकटक न करता पुढचा दगड धरला.

दगड हातात आला. दोन पुरुष उंचीवरून ते खाली आदळले. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. मुठीत ते मूळ तसंच होतं. गावकऱ्यांनी घोंगडीची झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. वाटभर ते ओरडत होते. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

लखनौत चौकशी झाली. प्लास्टरमध्ये पडलेल्या दादांना अधिकाऱ्यांनी विचारलं, "किसके कहने पर गए थे?"

"साहब ने मना किया था. मैं ही नहीं माना."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. नंतर त्यांना म्हणालो, "असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "तुमची नोकरी अजून कच्ची हाय. माही पक्की हाय."

त्यांची नोकरी राहिली, पण सेवापुस्तकात बेपर्वाईचा शेरा बसला आणि पाय कायमचा आखूड झाला. त्यांना पुन्हा डोंगरावर कुणी पाठवलं नाही. पुढची दहा-बारा वर्षं ते तळमजल्यावर बसून दुसऱ्यांनी आणलेली रोपं सुईदोऱ्याने कागदावर शिवत राहिले. त्या दिवसाचं रोपही त्यांनीच शिवलं. खालच्या पट्टीवर, रिवाजाप्रमाणे, गोळा करणारा म्हणून माझं नाव आहे. मी दौऱ्यावरून आलो की ते एवढंच विचारायचे, "धारेवर फूल होतं का जी?" मला त्यांच्याकडे बघवत नसे. हळूहळू मी तळमजल्यावर जाणंच कमी केलं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा तेलीबागेतल्या त्यांच्या घरी गेलो. भिंतीशी त्यांची बायको बसली होती. मुलीने आतून खुर्ची आणली, वाकवलेल्या बोटाने तिच्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाली, "बैठिए अंकल." मी बसलो.

"पापा हमेशा कहते थे, आपने बहुत रोका था," ती म्हणाली. "मम्मी इसी बात पर उनसे आख़िर तक नाराज़ रहीं."

म्हणजे घरीही त्यांनी तेच सांगितलं होतं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं ऐकलं असतं तर पाय धड राहिला असता ना जी?"

माझी नोकरी केव्हाच पक्की झाली होती.

"हो," मी म्हणालो. "मी खूप सांगितलं होतं."