आप्पांचा संघ यंदा जिंकणार

हरणाऱ्या संघावर आमच्या समोरच्या आप्पांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या सुरतेत झाला नसेल. पर्वत पाटियाजवळच्या आमच्या सोसायटीत खानदेशातून आलेल्या लूम कामगारांचा कबड्डी संघ होता. तो दर हिवाळ्यात हौसेनं स्पर्धेत उतरायचा आणि उपांत्य फेरीच्या पुढे काही जायचा नाही. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा दात घासत माझ्या दारात हजर. "साहेब, पुढच्या साली कप आपलाच शे." मी बँकेत कारकून होतो, म्हणून साहेब. आप्पा स्वतः कधी मैदानात उतरले नाहीत, पण आपला गडी चढाईला गेला की बाहेर बसून त्याच्याबरोबर एका दमात 'कबड्डी कबड्डी' करायचे. एकदा गडी दोघांना बाद करून परत आला आणि इकडे आप्पा आडवे झाले. तोंडावर पाणी मारून उठवलं, तर आधी गुण विचारले. माणूसही ते पोटऱ्यांवरून पारखायचे. माझ्या मेव्हण्याची ओळख करून दिली तेव्हा त्याच्या पायांकडे बघून मला हळूच म्हणाले, "बसी खानारा दिसस."

धास्ती एकच होती. दिवाळीला लूम बंद झाले की सगळे गडी गावी जायचे, आणि दरवर्षी एखाददुसरा परतायचाच नाही. संघातला सगळ्यात चपळ गडी शांताराम. तो हातचा जाऊ नये म्हणून आप्पांनी उन्हाळ्यात, अखाजीच्या सणाला, आपली आईवेगळी एकुलती लेक सुमन त्याला देऊन टाकली. सुमनलाही तो आवडत होता, एवढं एक बरं. "आते तो कोठे जाई? मना जावई शे," आप्पा सगळ्यांना सांगत सुटले. पावसाळाभर जावयाला दूध-केळी चालू होती आणि खाट बाहेर काढून घरातच पायांचा सराव. सुमन दारात उभी राहून दोघांची थट्टा करायची. असं हसतं घर मी आमच्या जिन्यावर दुसरं पाहिलं नाही.

दिवाळीला जोडी गावी गेली. तिथे शांतारामच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शेत बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो राहिला, आणि सुमनही राहिली. मुलगी दिली की ती सासरी जाते, हे आप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपल्याला जावई मिळतोय.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. आप्पा एकटेच स्टोव्हपाशी बसून भाकरी थापत होते. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "मिळेल हो दुसरा गडी."

"गडी मिळी जाई, साहेब," ते म्हणाले. भाकरी तव्यावर टाकली, आणि मग म्हणाले, "पोर कोठून आनू?"

मला फार वाईट वाटलं. त्या हिवाळ्यात संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोहोचला. सारी सोसायटी मैदानावर लोटली होती. आप्पा मात्र सकाळच्याच गाडीनं लेकीला भेटायला गेले होते.