ओल्या तुराटीची परीक्षा

‘समजलं का?’ असं मी वर्गाला विचारते आणि वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. त्या ‘हो’चा मला मनापासून राग आहे. शेलूबाजारच्या अलीकडे एका गावात मी विज्ञान शिकवते, रोज वाशीमहून एसटीनं येते-जाते, आणि इतक्या वर्षांत या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलेलं मला आठवत नाही. घनता समजली? हो. दाब समजला? हो. मग एवढासा खिळा पाण्यात बुडतो आणि एवढं मोठं जहाज तरंगतं ते कसं, असं विचारलं की सगळे माना खाली घालून वहीत काहीतरी शोधायला लागतात.

म्हणून मी गाइडातले प्रश्न विचारतच नाही. घटक चाचणीचा पेपर स्वतः काढते, तोही त्यांच्या घरातल्या आणि शेतातल्या गोष्टींवर. मुख्याध्यापकांना हे फारसं आवडत नाही, पालकांना तर मुळीच नाही. ‘म्याडम, पुस्तकातलं विचारत जा ना, लेकरायचे मार्क कमी होऊन राह्यले,’ असं पालकसभेत ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकते आणि पुढच्या पेपरात पुन्हा तेच करते. हट्टी आहेच मी, आणि त्या हट्टाचा मला अभिमानही होता.

गेल्या पावसाळ्यात नववीला विजेचा धडा चालू होता. इकडे शेतातल्या मोटरीची पेटी बांधावर लाकडी खांबाला ठोकलेली असते. तिच्या पत्र्यात कधी करंट उतरेल याचा भरवसा नाही, म्हणून स्टार्टरचं बटण कुणी बोटानं दाबत नाही. तुरीचं वाळलेलं झाड, म्हणजे तुराटी, नाहीतर कपाशीची पऱ्हाटी हातात घ्यायची आणि तिच्या टोकानं बटण दाबायचं. ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून ही काठी पेटीखालच्या मातीतच खुपसून ठेवतात. तिला कुणी हलवत नाही, सरपणाला नेत नाही.

मी पेपरात विचारलं, स्टार्टर काठीनं का दाबतात? अख्ख्या वर्गानं लिहिलं, लाकूड विजेचं दुर्वाहक आहे. सगळ्यांना पैकीच्या पैकी. पेपर वाटताना मी जरा डिवचलं, ‘आणि काठी ओली असली तर?’ मधल्या रांगेतली एक मुलगी तेवढी उभी राहिली. हिच्या घरी भाजीपाल्याचं वावर आहे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढून आई शेलूबाजारला विकते. मान तिरकी करून ऐकायची हिची सवय, आणि स्वतः पडताळल्याशिवाय काही मान्य करायचं नाही हा स्वभाव. वर्गात माझी लाडकी कोण म्हणाल तर हीच.

‘करून पाहू का म्याडम?’

‘पाहा ना. मी सांगते म्हणून मानू नकोस, पुस्तकात आहे म्हणूनही मानू नकोस. डोळ्यांना दिसेल ते खरं.’

हे माझं आवडतं वाक्य. मी ते इतक्या वेळा म्हणते की मुलं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात.

दुसऱ्या दिवशी ती हौदात भिजवून ठेवलेली तुराटी घेऊन आली. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यातून सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब काढून दिला. नुसती वायर जोडली तर बल्ब लख्ख लागला. मध्ये ओली तुराटी घातली तर काहीच नाही. तिनं टोकं दाबून पाहिली, तुराटीवर आणखी पाणी शिंपडलं, तरी काही नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मी घाईघाईनं समजावलं. सेलचा दाब तो केवढा, मोटरीच्या लाईनीचा केवढा. ओल्या काठीतून येणारी वीज बल्ब पेटवायला पुरत नाही, पण लाईनीवर तेवढ्याच काठीतून माणूस मारण्याइतकी वीज येते. फळ्यावर आकृती काढली, ‘ओले लाकूड’ या शब्दांखाली जाड रेघ ओढली. ‘समजलं का?’ ‘होऽऽ.’

पुढच्या चाचणीत तोच प्रश्न फिरवून घातला. ओले लाकूड वीजवाहक होते, असं सगळ्यांनी लिहिलं. त्या मुलीनं तर आकृतीसकट. संध्याकाळी एसटीत खिडकीपाशी बसून मी स्वतःवर खूश होते.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती मला म्हणाली, ‘म्याडम, आमच्या वावरात चला ना. ताजी मेथी देतो.’ वावर रस्त्यालगतच होतं. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि पाय रुतत होते. तिची आई लुगडं खोचून, अनवाणी, टमाट्याच्या रोपांना आधार बांधत होती. मला पाहून तिनं हात धुतले आणि म्हणाली, ‘या म्याडम. लाईन आली वाटते, तेवढी विहिरीवरची टाकी भरू द्या, मंग भाजी धुऊन देतो.’

ती पेटीकडे गेली. मातीत खुपसलेली तुराटी तिनं उपसली. शेंड्यापासून बुडापर्यंत भिजून काळी पडलेली तुराटी, बुडाला चिखल.

‘थांबा!’ मी ओरडले. इतक्या जोरात, की तिच्या हातून काठी खाली पडली.

‘काहून वो? काय झालं?’

‘काठी ओली आहे ना!’

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी माझी समजूत काढायला लागली. ‘काही होत नाई म्याडम. मीनंच सांगतलं आईले. पयले ती पावसात झोपडीतून कोरडी काठी आनाले जाये, लय टाइम लागे. मी म्हटलं, जायची गरज नाई. आपन करून पाह्यलं ना, बल्ब लागलाच नाई.’

‘मग पेपरात काय लिहिलंस?’ मी विचारलं. ‘वीजवाहक होतं म्हणून आकृती कुणी काढली?’

‘ते तर पेपरातलं न. तुमी तसं सांगतलं म्हून तसं लिहलं. पन दिसलं तं दुसरंच. तुमीच म्हनता ना, दिसलं ते खरं.’

तिला रागवावं म्हटलं तर कशाबद्दल? माझं सगळं शिकवणं त्या एका वाक्यात होतं आणि वर्गातल्या एकाच मुलीनं ते मनावर घेतलं होतं. तिचा जीव आईवर, म्हणून तिनं ते ज्ञान आधी आईला दिलं. मी प्रयोग करू दिला नसता, तर ही बाई आजही पावसात झोपडीपर्यंत जाऊन कोरडी काठी आणत राहिली असती.

त्या दिवशी मी कोरडी काठी आणायला लावली, पायात चप्पल घालायला लावली आणि मोटर सुरू होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मेथी घेतली की नाही, ते आठवत नाही.

रविवारभर डोक्यात एकच घोळत होतं. सांगून उपयोग नाही, सांगितलेलं पेपरात जातं. दाखवायला हवं. पण जे दाखवायचं त्यानं माणूस मरतं, ते कसं दाखवणार? सोमवारी गावाच्या पुढे शेलूबाजारला जाऊन मी हार्डवेअरच्या दुकानातून टेस्टर घेतला आणि दुपारच्या सुट्टीत मुलीला घेऊन वावरात गेले. आईला लांब उभं केलं. पेटीच्या पत्र्यात करंट उतरलाय, हे टेस्टरनं आधी पाहून घेतलं, मग ओली तुराटी पत्र्याला टेकवून ठेवली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला टेस्टर लावला. उन्हात टेस्टरचा दिवा दिसावा म्हणून मुलीनं ओढणीची सावली धरली. पुस्तकातली खात्री आणि स्वतःचा हात यांत फार अंतर असतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

टेस्टरमध्ये तांबडा ठिपका पेटला. कोरडी काठी लावली, विझला. पुन्हा ओली लावली, पुन्हा पेटला.

आई बांधावरच खाली बसली. ‘म्हंजे मी एवढे दिस...’ एवढंच म्हणाली आणि ओल्या पावलांकडे पाहत राहिली. मग तिनं मला विचारलं, ‘मंग म्याडम, पोरीले पेपरात मार्क कायचे भेटले?’

टोमणा नव्हता तो. मार्क कशाचे, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी टेस्टर पदराला पुसत बसले. मुलीनं ती तुराटी गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. ओली होती, मोडली नाही, नुसती वाकली.

शाळेत परतले तर वर्गात नेहमीसारखे चेहरे. प्रत्येकाच्या पेपरावर माझ्या लाल पेनानं दिलेले पैकीच्या पैकी. मला वर्गाची भीती वाटायला लागली. मी म्हटलं, ‘उद्या प्रत्येकानं घरच्या स्टार्टरची काठी आणायची. पुसायची नाही, वाळवायची नाही. आहे तशी.’

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काठ्यांचा ढीग पडला. तुराट्या, पऱ्हाट्या, बांबूच्या कामट्या. कुणाची चिखलानं माखलेली, कुणाची शेवाळलेली. टेबल ओलं झालं, हजेरीपट भिजू नये म्हणून मी तो उचलून धरला. मुलं हसत होती, एकमेकांच्या काठ्या दाखवत होती. मला हसू येईना.

सगळ्यांत शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. कधी तोंड न उघडणारी, अक्षर मोत्यासारखं. तिनं टेबलावर ठेवली ती काठी नव्हती. लोखंडाची सळई होती, मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. मी चिंधीला हात लावला. ओली होती.

‘ही कोण वापरतं?’

‘आई.’

‘लोखंड काय असतं, बाळा?’

‘सुवाहक,’ ती म्हणाली. क्षणभरही अडखळली नाही. मग दाराबाहेर उन्हाकडे पाहत चुळबुळली आणि हळूच म्हणाली, ‘म्याडम, लवकर पाहून वापस देसान का? सुट्टीच्या वक्ताले लाईन येते, आईले लागते.’